मांडीवर बसणाऱ्या वाचकासाठी पुस्तक कसं निवडावं

लहान मुलाला पुस्तक वाचून दाखवताना तिथे दोन वाचक असतात. मोठ्या माणसाची नजर अक्षरांवर असते, मुलाची चित्रांवर. वाचन चालू असताना मुलं नेमकं कुठे बघतात हे नजरेच्या हालचाली टिपून तपासलेलं आहे. २००५ साली कॅनडातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अशा एका प्रयोगात बालवाडीच्या वयाची मुलं छापील मजकुराकडे जवळजवळ पाहतच नाहीत असं दिसलं. म्हणजे गोष्ट कानातून येते, चित्र डोळ्यांतून, आणि दोन्ही एकाच वेळी. खरेदी करताना हे लक्षात राहिलं नाही की काही ठरावीक पुस्तकं घरात येतात. तेवढ्याच पैशांत भरपूर गोष्टी मिळतात म्हणून '१०१ गोष्टी' छापाचा ठोकळा येतो, बोध चांगला आहे म्हणून बोधकथा येतात, मूल लवकर वाचायला लागेल म्हणून मुळाक्षरांचं पुस्तक येतं. ती कपाटात राहतात, मांडीवर क्वचितच येतात.

पुढचं सगळं जन्मापासून साधारण सहा-सात वर्षांपर्यंतच्या, म्हणजे मूल स्वतः सफाईने वाचू लागेपर्यंतच्या पुस्तकांबद्दल आहे.

दुकानात, प्रदर्शनात: पाच मिनिटांची तपासणी

सुरुवात मजकूर झाकून करा. हाताने ओळी लपवा आणि नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जा. कोण आहे, काय घडतंय, पुढे काय होणार असं वाटतंय, एवढं चित्रांवरून कळलं तर पुस्तक निम्मं पास झालं. पानावर 'मांजर पळाली' असं लिहिलंय आणि चित्रात मांजर नुसती उभी आहे, अशी पुस्तकं बाजारात पुष्कळ आहेत. तिथे चित्र नंतर कुणाकडून तरी घाईत काढून घेतलेलं असतं. याउलट चांगल्या चित्रपुस्तकात मजकुरात नसलेलं काहीतरी चित्रात चालू असतं. आई फोनवर बोलतेय एवढंच वाक्य असेल आणि मागे बाळ पिठाचा डबा उघडत असेल, तर ते बाळ मुलाला तुमच्याआधी दिसतं आणि तुम्हाला दाखवायला त्याच्याकडे काहीतरी असतं. अशा जागा पुस्तकात तीन-चार तरी हव्यात.

मग कुठलीही सलग तीन पानं मोठ्याने वाचा. दुकानात लाज वाटली तर पुटपुटत वाचा, पण मनात वाचू नका. मनात वाचताना सगळी वाक्यं बरी वाटतात. ओठांवर आली की कळतं: इथे दम लागतो, इथे 'ज्याच्यामुळे, ज्यामध्ये' असा गुंता होतो, इथे कोण बोलतंय तेच समजत नाही. दोनदा अडखळलात तर रात्री झोपेच्या वेळी, थकलेल्या आवाजात, ते पुस्तक तुम्हाला नको होईल.

त्याच वेळी भाषा कोणती आहे तेही ऐका. 'तिने दार उघडले व ती बाहेर आली' हे वाचता येतं, पण असं कुणी बोलत नाही. 'तिनं दार उघडलं आणि बाहेर आली' हे बोललं जातं. चार वर्षांखालच्या मुलासाठी बोलीला जवळची, 'झालं, गेलं, पाहिलं' अशी भाषा असलेलं पुस्तक आधी उचला. छापील 'झाले, गेले' वाचताना बदलून घेता येतं आणि बरेच पालक ते नकळत करतातही. मात्र पानोपानी 'व', 'परंतु', 'त्यामुळे' असेल तर नुसते प्रत्यय बदलून भागत नाही, वाक्यंच नव्याने रचावी लागतात. घरात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा कोकणी बोलत असाल तर पहिल्या फेरीला पुस्तक आपल्या बोलीत सांगा आणि दुसऱ्या फेरीला छापलंय तसं वाचा. अशा घरांसाठी कमी मजकुराचं, भक्कम चित्रांचं पुस्तक जास्त उपयोगी पडतं, कारण सांगायला मोकळीक राहते.

मराठी बालपुस्तकांत अनुवाद खूप आहेत आणि त्यातले काही फार चांगले आहेत. वाईट अनुवाद ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. 'त्याने त्याचा चेंडू त्याच्या पिशवीत ठेवला' असं एकेका वाक्यात तीन-तीनदा 'त्याचा'. 'दरवाजा उघडला गेला' असली वाक्यं. यमक मारून मुटकून जुळवलेलं, किंवा चित्रात मूल उड्या मारतंय आणि शब्दांना काही लयच नाही. चांगल्या अनुवादकाने मराठीची नादवान शब्दांची पेटी उघडलेली असते: पाऊस रिमझिम, टपटप, धो धो, चिखल लिबलिबीत, पापड कुरकुरीत, बाळ गुटगुटीत. कोणत्याही तीन पानांत असा एकही शब्द भेटला नाही तर पुस्तक खाली ठेवायला हरकत नाही.

आता आतलं माहितीचं पान उघडा. लेखक, चित्रकार आणि अनुवाद असल्यास अनुवादक, या सगळ्यांची नावं आहेत का? ज्या पुस्तकावर चित्रकाराचं नावच नाही त्यातली चित्रं बहुधा तयार साठ्यातून उचललेली असतात. ससा एका शैलीतला, झाड दुसऱ्या, घर तिसऱ्या. पहिल्या पानावरचा लाल सदरा चौथ्या पानावर निळा झालेला असतो. मोठ्यांच्या लक्षात येत नाही, मूल मात्र विचारतं, 'हा वेगळा आहे का?'

शेवटचं पान राहिलं. तिथे तात्पर्य छापलं असेल तर ते अंगठ्याने झाका आणि गोष्ट उरते का ते बघा. उरत असेल तर घ्या, घरी ती ओळ वाचू नका. गोष्ट त्या एका वाक्यासाठीच बेतलेली असेल, म्हणजे 'खोटं बोलणाऱ्या बंटीला शिक्षा झाली' यापलीकडे त्यात काही घडतच नसेल, तर दुसऱ्यांदा वाचण्यासारखं त्यात काही नाही. लहान मुलाच्या पुस्तकाची किंमत दुसऱ्या वाचनापासून वसूल होते.

कागद, बांधणी, आकार

पुस्तक ट्यूबलाइटखाली धरून तिरकं करा. गुळगुळीत चकाकत्या कागदावर उजेडाचा पट्टा पडतो आणि शेजारी बसलेल्याला अर्धं चित्र दिसत नाही. मॅट कागद बरा.

मधोमध उघडा. चिकटबांधणीचं पुस्तक सपाट उघडत नाही. दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग खाचेत जातो, आणि बहुतेक वेळा मुख्य पात्राचं तोंड तिथेच असतं. जोर लावून दाबलं की महिन्याभरात पानं सुटतात. मधोमध पिना मारलेलं सोळा, चोवीस किंवा बत्तीस पानांचं पुस्तक सपाट उघडतं, स्वस्तही असतं. पिनांची टोकं आत नीट वळलेली आहेत ना, बोट फिरवून पाहा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या हातात पिनांचं पुस्तक देऊ नये, कारण ते पुस्तक आधी तोंडात जातं.

पुठ्ठ्याच्या पुस्तकाचे कोपरे गोल हवेत आणि कडेला वरचा प्लास्टिकचा थर सुटलेला नसावा. थर सुटलेला असला की लाळेने पुठ्ठ्याचे पापुद्रे निघतात आणि तुकडे पोटात जातात. चमकी, चिकटवलेले मणी, डोळे असलेली पुस्तकं तीन वर्षांपर्यंत टाळा.

बटण दाबल्यावर आवाज करणाऱ्या पुस्तकांबद्दल मात्र कडक राहा. त्यात गोल चपटे बटणसेल असतात. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ते पुस्तक घेऊ नका. असलेल्या पुस्तकाचा स्क्रू ढिला झाला असेल तर पुस्तक घराबाहेर काढा. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता थेट रुग्णालय गाठा.

आकाराचं गणित साधं आहे. बाळाच्या स्वतःच्या हातासाठी तळहाताएवढं, मांडीवर बसून दोघांनी वाचायचं तर वहीएवढं ते त्याच्या दीडपट. दोन मुलं दोन बाजूंना बसणार असतील तर आडवं पुस्तक घ्या, नाहीतर मधल्या जागेवरून भांडण ठरलेलं.

वयाप्रमाणे काय बदलतं

पुढचे आकडे अंदाजाचे आहेत. बोलकं मूल आणि अबोल मूल, पुस्तकांत वाढलेलं आणि पहिल्यांदाच हातात घेणारं, यांत वर्षभराचा फरक सहज पडतो.

जन्मल्यावर पहिले काही आठवडे बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचं सर्वांत नीट दिसतं आणि काळा-पांढरा असा ठळक फरक आधी जाणवतो. म्हणून मोठे ठळक आकार, माणसांचे चेहरे, एका पानावर एकच गोष्ट. या वयात शब्दांपेक्षा तुमचा आवाज महत्त्वाचा, तेव्हा बडबडगीतांचं पुस्तक उत्तम, कारण ताल आपोआप येतो. आठ-दहा पानं पुरे.

एक ते दोन हे वय नावांचं. बोट दाखवायचं, नाव सांगायचं. इथे फळं, भाज्या, प्राणी, वाहनं अशी पुठ्ठ्याची पुस्तकं कामाला येतात, पण आतली चित्रं कुठली आहेत ते बघा. परदेशी साठ्यातल्या चित्रांवर मराठी नावं चिकटवलेल्या पुस्तकांत वांगं असतं ते दुधीएवढं लांब, बस दुमजली लाल आणि घरावर बर्फ. त्याने काही बिघडत नाही, फक्त मूल पुस्तकातली वस्तू घरातल्या वस्तूशी जुळवू शकत नाही आणि या वयात सगळी मजा त्या जुळवण्यातच असते. रिक्षा, कुकर, केरसुणी, कावळा, चप्पल असलेलं पुस्तक शोधा. नावांच्या जोडीला कृतीही हव्यात: झोपतो, ओततो, पडतो, लपतो. नुसत्या नामांची पुस्तकं दोन महिन्यांत संपतात.

दोन ते तीनच्या मुलाला पुन्हा पुन्हा येणारी ओळ लागते. चिमणीच्या दाराशी कावळा परत परत येतो आणि दर वेळी नवं कारण ऐकतो, भोपळ्यातून म्हातारी निघते आणि वाटेत एकामागून एक जनावरं तिला अडवतात, या लोककथा पिढ्यान् पिढ्या टिकल्या त्या याच घडणीमुळे. तिसऱ्या फेरीला मूल ओळ स्वतः म्हणतं. छापील पुस्तक निवडताना हेच बघा: एक ओळ किमान चार वेळा येते का, दर वेळी थोडासाच बदल होतो का. लोककथेच्या एकाच कथेची वेगवेगळी रूपं छापलेली असतात, म्हणून शेवट आधी वाचून घ्या. कावळ्याला चटका बसतो तो शेवट काही मुलांना फार मजेचा वाटतो, काहींना रात्रभर पुरतो. समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून वीस-पंचवीस शब्दांपेक्षा जास्त नकोत.

तीन ते पाच या वयात खरी गोष्ट चालते: कुणाला तरी काहीतरी हवंय, अडचण आहे, काहीतरी करून पाहिलं, फसलं, मग जमलं. समोरासमोरच्या दोन पानांत चाळीस-पन्नास शब्द, सगळं वाचून व्हायला सात ते दहा मिनिटं. या वयाच्या पुस्तकांत निवडीला सर्वांत जास्त वाव आहे आणि कचराही सर्वांत जास्त. इथे पात्रांकडे नीट बघा. आई दर चित्रात ओट्याशीच आहे का? मुली फक्त बघणाऱ्या आणि मुलगे करणारे असं आहे का? शहाणं पात्र गोरं आणि द्वाड पात्र काळं रंगवलंय का? जाड मूल फक्त हसण्यासाठी आहे का? एखाद्या पुस्तकात असं असणं म्हणजे संकट नव्हे. घरातल्या दहापैकी आठ पुस्तकांत तेच असेल तर पुढची खरेदी विचाराने करा. घरंही बघा: चाळ, वाडा, फ्लॅट, वस्ती, शेतातलं खोपट. स्वतःच्या घरासारखं घर पुस्तकात भेटलं की मुलं बोलायला लागतात, आणि न पाहिलेलं घर भेटलं की विचारायला. दोन्ही हवं.

पाच ते सातमध्ये लांब गोष्ट दोन-तीन रात्रींत वाटून वाचता येते. विनोद, कोडी, 'हे कसं चालतं' छापाची माहिती आवडते. मुलाची नजर आता अक्षरांकडेही जाते, म्हणून छपाईचा विचार इथे सुरू होतो. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जातात, त्यामुळे ओळींत भरपूर अंतर हवं. ओळी चिकटलेल्या असल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. चित्राच्या गडद भागावर छापलेला मजकूर नको. आणखी एक बारकी गोष्ट: काही पुस्तकं हिंदी वळणाच्या टाइपात छापतात, त्यातले ल आणि श मराठी पाठ्यपुस्तकातल्यासारखे दिसत नाहीत. नुकतंच अक्षर ओळखू लागलेलं मूल तिथे अडतं. तुम्ही वाचून दाखवणार असाल तर फरक पडत नाही, पण एखादी ओळ त्याने वाचावी असं वाटत असेल तर वळण बघून घ्या.

मुळाक्षरांची, उघडझापीची आणि माहितीची पुस्तकं

मुळाक्षरांचं पुस्तक गोष्टीच्या पुस्तकाऐवजी घेऊ नका. त्यात घडत काही नाही, आणि मराठीत तर ण, ळ यांनी शब्द सुरूच होत नाहीत, त्यामुळे 'ण बाणाचा' आणि 'ळ बाळाचा' म्हणताना मुलाला चित्रातून अक्षर सापडत नाही. घ्यायचंच तर असं घ्या की एकेका अक्षरासाठी एक रंगलेलं दृश्य आहे आणि त्यात त्या अक्षराच्या पाच-सात वस्तू दडल्या आहेत. मग शोधण्याचा खेळ होतो.

पान ओढलं की वाघ बाहेर, झडप उघडली की पिल्लू, अशी पुस्तकं मुलांना फार आवडतात. त्यांचं काम वेगळं आहे, एवढं ओळखून घ्यावीत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन वर्षांच्या आसपासची मुलं अशा पुस्तकांतून नवी नावं कमी शिकली आणि साध्या, खऱ्यासारख्या चित्रांच्या पुस्तकांतून जास्त. हात झडपेत गुंतले की कान बंद होतात, हे कुठलीही आई सांगेल. घरात अशी एक-दोन असावीत. झडप जाड पुठ्ठ्याची नसेल तर चौथ्या दिवशी ती हातात येते.

प्राण्यांच्या पुस्तकांतही एक भेद करावा लागतो. कपडे घातलेला, शाळेत जाणारा हत्ती गोष्टीत छान वाटतो. हत्तीबद्दल माहिती हवी असेल तेव्हा खरा हत्ती असलेलं पुस्तक घ्या. २०१४ सालच्या एका अभ्यासात माणसासारखे बोलणारे-वागणारे प्राणी असलेली पुस्तकं ऐकलेल्या मुलांनी खऱ्या प्राण्यांवरही माणसाचे गुण लादले, आणि खरी माहिती कमी उचलली. दोन्ही प्रकार घरात ठेवा, फक्त एकाकडून दुसऱ्याचं काम मागू नका.

कुठे शोधायची

मराठीत चित्रपुस्तकं सातत्याने काढणाऱ्यांत पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन आहे. नॅशनल बुक ट्रस्ट ही केंद्र सरकारने १९५७ साली स्थापलेली संस्था मराठीतही मुलांची पुस्तकं काढते. ती स्वस्त असतात, पण काहींचे अनुवाद जुन्या वळणाचे आहेत, तेव्हा वरची मोठ्याने वाचण्याची कसोटी लावूनच घ्या. चेन्नईच्या तूलिकाची मराठी आणि द्वैभाषिक पुस्तकं मिळतात. प्रथम बुक्सची पुस्तकं पातळ, पिनांची आणि खिशाला परवडणारी असतात.

प्रथम बुक्सनेच २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता येतात, आणि त्यांचा परवाना खुला असल्याने छापूनही घेता येतात. तिथे गोष्टींना पहिली ते चौथी अशा पातळ्या आहेत. या पातळ्या मुलाने स्वतः वाचण्याच्या हिशेबाने लावलेल्या आहेत. तुम्ही वाचून दाखवणार असाल तर एक पातळी वरची घेतलीत तरी चालतं. संकेतस्थळावर कुणीही अनुवाद घालू शकतो, त्यामुळे एकाच गोष्टीचा दर्जा भाषेगणिक बदलतो. आधी पूर्ण वाचा. छापायचं तर पीडीएफ उतरवा, एका ए-फोर कागदावर दोन पानं बसवा, झेरॉक्सच्या दुकानात जाडसर कागद मागा, मधोमध दोन पिना मारा. मोबाइलवर वाचून दाखवणं शक्य तिथे टाळाच. पडदा लहान, चित्र आणखी लहान, आणि मध्येच कुणाचा तरी निरोप टपकतो.

सार्वजनिक वाचनालयात बालविभाग असेल तर मुलाच्या नावाने सभासद व्हा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, मुंबईचं १८९८ सालचं. लहान गावांतही अनुदानित वाचनालयं आहेत, तिथे बालपुस्तकं बऱ्याचदा वरच्या फळीवर बांधून ठेवलेली असतात, मागितली की मिळतात. पाचगणीजवळच्या भिलारला २०१७ साली पुस्तकांचं गाव सुरू झालं. तिथे गावातल्या घरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत आणि बसून वाचायला पैसे पडत नाहीत. खरेदीआधी बरीच पुस्तकं मुलासोबत चाळून बघायची तर अशी जागा दुसरी नाही.

वाचनालयातून एका वेळी चार आणा आणि त्यातली दोन फसतील असं धरून चाला. मूल ज्या पुस्तकासाठी 'परत नको देऊस' म्हणतं ते विकत घ्या. खरेदीतल्या चुका कमी करण्याचा यापेक्षा खात्रीचा मार्ग आम्हाला माहीत नाही.

घरी: पहिली परीक्षा

नवं पुस्तक भरल्या पोटी, झोप डोळ्यावर नसताना काढा. आधी मुखपृष्ठावर दोन मिनिटं थांबा. मग न वाचता मुलालाच पानं उलटू द्या. तीन सेकंदांत पान उलटत असेल तर चित्रात धरून ठेवणारं काही नाही, किंवा ते फार गजबजलेलं आहे. एकाच पानावर अडून बसत असेल तर सोन्याहून पिवळं. बाकीचं पुस्तक उद्या.

दुसऱ्या फेरीत वाचा. मूल मागे पानं उलटतं, बोट ठेवतं, मध्येच दुसरंच काहीतरी सांगतं, ही पुस्तक जमल्याची लक्षणं आहेत. अंग वळवणं, पुस्तक मिटणं, उठून जाणं ही न जमल्याची. न जमलेलं पुस्तक पूर्ण करण्याचा आग्रह धरू नका. तीन महिने बाजूला ठेवा, परत काढा. बऱ्याचदा मजकूर मोठा होता एवढंच कारण असतं, आणि तीन महिन्यांत मूल त्याच्याएवढं होतं. तातडीचा उपाय हवा असेल तर एका पानाचं एकच वाक्य करून सांगा.

चित्रात बोलायला जागा असलेलं पुस्तक निवडलं असेल तर प्रश्न आपोआप सुचतात. 'हे काय आहे?' हा प्रश्न पहिल्या एक-दोन वाचनांपुरता ठीक. पुढे 'हा असा का बसलाय?', 'आता काय होईल?', 'आपण पडलो होतो तेव्हा काय केलं होतं?' मूल 'भूभू' म्हणालं तर तुम्ही 'हो, काळा भूभू झोपलाय' म्हणा, आणि थांबा. एका पानावर एकच प्रश्न, दर पानावर तर नाहीच. त्याहून जास्त झाले की वाचनाची तोंडी परीक्षा होते.

तेच पुस्तक रोज मागितलं जाणार, याची तयारी ठेवा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं की तीन वर्षांच्या मुलांना आठवडाभर त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या तर नवे शब्द जास्त पक्के होतात. तेच शब्द वेगवेगळ्या गोष्टींत ऐकले तर कमी. म्हणून निवडीच्या वेळी एक स्वार्थी प्रश्न जरूर विचारा: हे पुस्तक मला पन्नास वेळा वाचवेल का? तुम्हाला कंटाळवाणं वाटणारं पुस्तक तुम्ही भराभर, पानं गाळून वाचाल, आणि गाळलेलं पान मूल लगेच पकडेल.

दोन मुलं असतील, एक दोन वर्षांचं आणि एक पाचचं, तर धाकट्याच्या हिशेबाने मजकूर आणि थोरल्याच्या हिशेबाने चित्रं निवडा. शब्द थोडे, चित्रात शोधण्यासारखं खूप. मोठ्याला 'तू याला सांग' असं काम देता येतं.

महाराष्ट्राबाहेर आणि परदेशात

मूल मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत देतं, अशा घरांत वयाला साजेसं पुस्तक बहुधा जड जातं, कारण पाच वर्षांच्या मुलाची गोष्टीची भूक पाच वर्षांची असते आणि मराठी शब्दसंपत्ती तीनची. सगळ्यांत उपयोगी पडतात ती शब्द नसलेली चित्रपुस्तकं: गोष्ट वयाची, भाषा तुमची. दुसरा पर्याय म्हणजे थोडक्या मजकुराची पण गुंतागुंतीच्या चित्रांची पुस्तकं. द्वैभाषिक पुस्तक घेताना दोन्ही भाषांचा मजकूर एकमेकांत मिसळलेला नाही ना ते पाहा, आणि एका बैठकीत एकच भाषा वाचा. वाक्यागणिक भाषांतर करत गेलात तर मूल इंग्रजी वाक्याची वाट बघत बसतं. आजी-आजोबा भारतात असतील तर प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक त्यांच्याकडे. व्हिडिओ कॉलवर पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरायची कसरत टळते. आजी वाचते, नातू आपल्या हातातल्या प्रतीची पानं उलटतो.

घरातली फळी

तीन वर्षांच्या मुलासाठी एका वेळी दहा-बारा पुस्तकं बाहेर असली की पुरे: चार-पाच ओळखीच्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीच्या गोष्टी, दोन गाण्यांची, दोन खऱ्या प्राण्यांची किंवा वस्तूंची, एखादं बिनशब्दांचं, एखादं अजून जड जाणारं, आणि एक निव्वळ मुलाने स्वतः निवडलेलं. ते शेवटचं तुम्हाला भडक वाटेल, राहू द्या. मुखपृष्ठं समोर दिसतील अशी ठेवा, कणे बघून मुलाला पुस्तक ओळखता येत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी चार-पाच आत, चार-पाच बाहेर.

फाटलेल्या पानाला साधी सेलोटेप लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते, गोंद पाझरतो आणि पानं एकमेकांना चिकटतात. पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी आणि खळ पुरते. जुनी पुस्तकं नातेवाइकांकडून किंवा रद्दीवाल्याकडून आली तर आधी उन्हात पानं पसरून दोन-तीन तास ठेवा, कण्याच्या खाचेत कसर किंवा वाळवीची माती आहे का ते झटकून पाहा, आणि कुबट वासाचं, बुरशीचे ठिपके पडलेलं पुस्तक कितीही चांगलं असलं तरी मुलाच्या उशाशी नेऊ नका. पुठ्ठ्याचं जुनं पुस्तक ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. पाण्यात बुडवलंत तर त्याचे थर सुटतील.